बॅलन्स्ड हेडफोन अ‍ॅम्पला कन्व्हर्टर लावून ॲक्टिव्ह स्पीकर (आत स्वतःचा अ‍ॅम्प असलेले) जोडले तर चालतं का?

नाही. ४.४ मिमी बॅलन्स्डमधून साध्या ३.५ ला जाणारं ते कन्व्हर्टर लावू नका, आवाज आला तरी नका. ‘आवाज तर येतोय ना’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, आमच्याकडे इंदूरला रामबागेत ह्याच वाक्यावर एक अ‍ॅम्प गेलाय.

गणपतीत ताई आणि जिजाजी आलेले. मी दूर्वा आणायला खाली गेलो तेवढ्यात जिजाजींनी जेल रोडवरून आणलेलं तसलंच कन्व्हर्टर माझ्या अ‍ॅम्पच्या ४.४ मध्ये खुपसलं आणि हॉलमधल्या स्पीकरला वायर टाकून मोकळे. आरत्या वाजल्या, मस्त वाजल्या, जुनं मोनो रेकॉर्डिंग होतं. मग कुणीतरी जुगलबंदी लावली, सतार एकीकडे सरोद एकीकडे, आणि थोड्या वेळाने डावी बाजू खरखरायला लागली. हात लावला तर अ‍ॅम्पची डबी इस्त्रीसारखी तापलेली. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवली, डाव्या मायनसची चिप काळी पडलेली. जिजाजी मात्र अजून पोह्यांवर जिरावन भुरभुरवत चारचौघांत सांगतात, ‘मेव्हण्याचा चायना माल, नाहीतर आरतीला कसा चालला?’

तर जिजाजी, कसा चालला ते ऐका. बॅलन्स्डमध्ये मायनस म्हणजे ग्राउंड, दोन्ही बाजूंची सामाईक शून्य व्होल्टची तार, नसतं. डाव्या-उजव्या दोन्ही मायनसला आपापला वेगळा अ‍ॅम्प असतो, तो प्लसच्या उलटा सिग्नल ढकलतो. तुमच्या कन्व्हर्टरने ते दोन्ही मायनस एकत्र बांधले. मोनोत दोघांवर सारखंच व्होल्टेज, म्हणून भांडण नाही. स्टिरिओत डावा वर ढकलतो, उजवा खाली ओढतो, आणि मधे करंट अडवायला जवळजवळ काहीच नाही. माल चायनाचा असो की जपानचा, हेच होणार. दोन वेगळ्या आरसीए वायरी (त्या लाल-पांढऱ्या पिनांच्या) काढल्या तरी सुटका नाही, त्यांच्या बाहेरच्या कड्या स्पीकरच्या आत एकाच ग्राउंडला मिळतात, मल्टिमीटर बीपवर ठेवून बघा.

बरं, तुमचं. अ‍ॅम्पला मागे आरसीए आउटपुट किंवा पुढे साधं ६.३५ मिमीचं सॉकेट असेल तर तेच वापरा, विषय संपला. फक्त ४.४ च असेल तर वायर बनवून घ्या: टोक म्हणजे डावा प्लस, टोक पहिलं धरून तिसरी पट्टी उजवा प्लस, हे दोन आरसीएच्या मधल्या पिनांना. दुसरी आणि चौथी पट्टी मायनसच्या, त्या मोकळ्या सोडा, एकमेकींना अजिबात जोडू नका. शेवटची बाहेरची पट्टी ग्राउंड, ती आरसीएच्या बाहेरच्या कड्यांना. आवाज ६ डीबी कमी येईल, नॉब वाढवा. ह्यापेक्षा स्वच्छ हवं तर प्रत्येक चॅनलला १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, प्लस-मायनस त्याच्या प्रायमरीला. आणि उलटं, म्हणजे साध्या सॉकेटात बॅलन्स्ड हेडफोन, बिनधास्त लावा.

हां, एक राहिलंच, सोल्डरिंग करण्याआधी वाचा. ती शेवटची पट्टी बऱ्याच हेडफोन सॉकेटांत आतून जोडलेलीच नसते, मीटरने बघा. २.५ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकमध्ये तर ग्राउंडची पट्टीच नाही आणि क्रमही वेगळा, चार पिनी एक्सएलआरच्या पिनांतही ग्राउंड नाही. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारे काही अ‍ॅम्प प्रत्येक पिनेवर त्या व्होल्टेजच्या अर्धं डीसी धरून बसतात, ग्राउंडपासून प्लसपर्यंत मोजा, व्होल्ट-दोन व्होल्ट दिसले तर सरळ वायर चालणार नाही, मधे कपॅसिटर किंवा तो ट्रान्सफॉर्मरच.