जुन्या सेडानचं ॲव्हरेज आणि खर्च: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माझी २०१२ ची होंडा सिटी १.५ पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. १ लाख १८ हजार किलोमीटर झाले आहेत. रोज चिंचवड ते हिंजवडी जाणं-येणं असतं. पूर्वी १४ चं ॲव्हरेज मिळायचं, आता ११ च्या आसपास आलंय. प्लग आणि एअर फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, तरी फरक नाही. दोन महिन्यांपूर्वी १९५/६५ आर१५ मापाचे नवे टायर टाकले. मेकॅनिक म्हणतो, आता ऑक्सिजन सेन्सर बदलू. बदलावा का?
— वाचक, चिंचवड

उत्तर: सेन्सरला (जळालेल्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाला) हात लावू नका. आधी टायरचं गणित करू, कारण तुमच्या तक्रारीचा एक भाग तिथेच आहे. या गाडीचं मूळ माप १७५/६५ आर१५, म्हणजे चाकाचा व्यास साधारण ६०८ मिलिमीटर. १९५/६५ आर१५ चा व्यास ६३४ च्या पुढे जातो. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं झालं, पण मीटरला ते कळत नाही. तो जुन्याच मापाने किलोमीटर मोजतो. मीटरवर ४१२ दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात ४३० च्या आसपास धावलेली असते. तुमचं ११ म्हणजे खरं तर साडेअकरा. रुंद आणि जड टायर थोडं जास्त इंधन मागतो हेही खरं, म्हणून पुढच्या वेळी मूळ मापावर या.

मोजायची पद्धतही पक्की करा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबा, 'राउंड फिगर करा' म्हणू नका. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, तसंच पहिल्या कटपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी गेलेले लिटर. सलग तीन टाक्यांची सरासरी घ्या. एका टाकीचा आकडा लिटर-दोन लिटर इकडेतिकडे झाल्यानेही फसवतो.

आता तुमचा रस्ता. दीड लिटरचं इंजिन एसी लावून जागेवर उभं असताना तासाला साधारण एक लिटर पेट्रोल खातं. जाऊन-येऊन २४ किलोमीटर आणि त्यात एक तास सिग्नलला, कोंडीत उभं राहणं असेल, तर तो एक लिटर एकही किलोमीटर न देता जातो. चालतानाचे २४ किलोमीटर १५ च्या ॲव्हरेजने धरले तर १.६ लिटर. एकूण २.६ लिटर, म्हणजे ॲव्हरेज नऊच्या जरा वर. गाडी ठणठणीत असूनसुद्धा! म्हणून एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० च्या स्थिर वेगाने दीड-दोनशे किलोमीटर चालवून वेगळं मोजा. तिथे १७-१८ मिळाले तर इंजिनात दोष नाही, दोष वाहतुकीचा आहे आणि त्यावर गॅरेजमध्ये उपाय नाही. तिथेही १३-१४ च मिळाले, तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

पहिली, ब्रेक धरून राहणं. दहा वर्षांपुढच्या गाडीत हे सर्रास सापडतं आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं जातं. मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, हळूहळू थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या (टेकवू नका). पुढच्या दोनपैकी एक स्पष्टपणे जास्त तापलेला असेल तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत. त्या काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या चेसिस ग्रीसने रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते. मागच्या चाकांसाठी गाडी जॅकवर घेऊन हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवून बघा. केबल गंजून अडकली असेल तर तिथेच कळेल.

दुसरी, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. 'आपल्याकडे उकाडा, याची गरज नाही' म्हणून तो काढून टाकणारे मेकॅनिक आजही आहेत. थर्मोस्टॅट नसला किंवा उघडाच अडकला तर इंजिन पुरेसं तापत नाही, इसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गार आहे आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. स्कॅनर (इसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघा. दहा-बारा मिनिटांत ८० च्या वर जाऊन तिथेच राहायला हवं. हायवेवर ६०-६५ पर्यंत उतरत असेल तर थर्मोस्टॅट बदला. भाग स्वस्त आहे.

तिसरी गोष्ट त्याच स्कॅनरवर: लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) किंवा कमी करतोय (उणे) तो आकडा. शून्याच्या दोन्ही बाजूंना दहापर्यंत असेल तर ऑक्सिजन सेन्सर आपलं काम करतोय. उणे १५ किंवा त्याखाली गेला तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय: गळका इंजेक्टर, वाढलेलं फ्युएल प्रेशर किंवा चुकीचं सांगणारा सेन्सर. अधिक १५-२० असेल तर कुठून तरी फुकटची हवा आत येतेय किंवा पंप कमजोर झालाय. हा आकडा न बघता सेन्सर बदलणं म्हणजे पैसे वाया. तुमच्या शेवटच्या पीयूसीवरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडाही बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला ०.३ टक्क्याची मर्यादा आहे. त्याच्या काठावर असाल तर उणे ट्रिमचा संशय बळावतो.

शेवटचं, क्लच. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. कोंडीत हाफ क्लचवर चालणाऱ्या गाडीत या किलोमीटरला ते अपेक्षितच आहे.

एअर फिल्टर बदलून फरक पडला नाही याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत आत आलेली हवा मोजून तेवढंच पेट्रोल दिलं जातं. फिल्टर चोंदला की ताकद कमी होते, ॲव्हरेज जवळपास तेच राहतं. तो वेळेवर बदलायचा, पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून.

प्रश्न: ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे माझ्या २००९ च्या गाडीचं ॲव्हरेज किती कमी होईल? महागडं प्रीमियम पेट्रोल टाकून भरून निघेल का? गाडी महिन्यातून दोनदाच निघते.
— वाचक, रत्नागिरी

उत्तर: एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोनतृतीयांश ऊर्जा असते. त्यावरून हिशेब केला तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि ई१० (१० टक्के इथेनॉल) च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांचाच अंदाज होता. १४ देणारी गाडी १३ देऊ लागली तर ते इंधनामुळे असू शकतं. १४ वरून ११ वर आली तर इथेनॉलवर खापर फोडून खरा दोष दुर्लक्षित राहील.

प्रीमियम पेट्रोलचा जास्त ऑक्टेन तुमच्या इंजिनाला वापरताच येत नाही, त्यामुळे ॲव्हरेजसाठी तो खर्च करू नका. तुमची खरी काळजी वेगळी आहे: उभी गाडी, कोकणातली दमट हवा आणि अर्धी रिकामी टाकी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात टाकी तीनचतुर्थांश भरलेली ठेवा, टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं असेल तर बदला, आणि पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा तास नीट चालवा. नुसती जागेवर चालू ठेवून उपयोग नाही.

२००९ च्या गाडीतले रबरी होज (इंधनाच्या नळ्या) आणि इंजेक्टरचे ओ-रिंग ई२० साठी बनलेले नाहीत. दर सर्व्हिसला होज बोटांनी दाबून बघा. मऊ, चिकट किंवा भेगाळलेला लागला तर त्याच दिवशी बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका, हा आगीचा धोका आहे. स्कॅनर लावलात तर फ्युएल ट्रिम ई१० पेक्षा चार-पाच टक्क्यांनी अधिककडे सरकलेला दिसेल. तो बिघाड नव्हे, कारण या इंधनाला हवेच्या प्रमाणात जास्त इंधन लागतंच.

प्रश्न: २०१२ ची ह्युंदाई व्हर्ना १.६ डिझेल. १९ वरून १४ वर आली, चढाला काळा धूर सोडते. इंजेक्टर बदला म्हणतात.
— वाचक, जळगाव

उत्तर: काळा धूर म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही, किंवा डिझेल गरजेपेक्षा जास्त पडतंय. हवेची बाजू स्वस्त आहे, तिथून सुरुवात करा.

डिझेलमध्ये चोंदलेला एअर फिल्टर धूर करतो, म्हणून तो पहिला. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंतचे) आणि पुढचे होज. जोडावर किंवा घडीवर ओलसर तेलाचा डाग दिसला तर तिथून दाबाची हवा निसटतेय. होज बाहेरून चांगला दिसतो आणि दाब आला की चीर उघडते, म्हणून कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावून बघायला सांगा. मेकॅनिकला हे आवडत नाही, वेळ जातो, पण आग्रह धरा.

त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. काजळीने अर्धवट उघडा राहिला तर जळालेली हवाच पुन्हा आत जाते. काढून साफ करा, सोबत इनटेक मॅनिफोल्डही (हवा सिलिंडरांत नेणारा भाग). पत्रा लावून तो बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर नाकारा. ते प्रदूषण नियमात बसत नाही आणि इंजिनाचा दिवा लागण्याची शक्यता असते. हवा मोजणारा सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेने साफ होतो. आतल्या तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही.

एवढं करूनही धूर राहिला तरच इंजेक्टर. लीक-ऑफ टेस्ट करा: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालू ठेवतात. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तोच एक दोषी. चारही बदलायची गरज नसते. नव्या इंजेक्टरवरचा कोड इसीयूत टाकून घ्या, नाहीतर गाडी ठोके देत चालते.

प्रश्न: २०११ ची पेट्रोल सेडान, महिन्याला ६०० किलोमीटर. सीएनजी किटला ६० हजार सांगताहेत. परवडेल का?
— वाचक, नाशिक

उत्तर: पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि १२ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला ८.७५ रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला १७ किलोमीटर धरले तर ५.३० रुपये. (तुमच्याकडचे दर टाकून बघा.) बचत किलोमीटरमागे साडेतीन रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला दोन हजार. किटचे पैसे निघायला अडीच वर्षं लागतील आणि तोवर गाडी १५ वर्षांच्या पुढे गेलेली असेल. त्यात दर तीन वर्षांनी गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), आरसीवर नोंद, विम्यात बदल आणि गेलेली डिकी. आमचं मत: घेऊ नका. महिन्याला दीड हजार किलोमीटर असते तर हो म्हटलं असतं, तेही आधी इंजिनाच्या चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासून.

ज्यांनी किट लावलं आहे त्यांनी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासणं, विसरू नये. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते आणि फट कमी होत जाते, त्यामुळे आवाज येत नाही. उलट इंजिन जास्तच शांत वाटतं आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. होंडाच्या १.५ आय-व्हीटेकला थंड इंजिनावर इनटेक ०.१५ ते ०.१९ आणि एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिलिमीटर फट लागते. दर २० हजारांना तपासा.

प्रश्न: गाडीला १५ वर्षं पूर्ण होताहेत. वर्षाला जेमतेम ६ हजार किलोमीटर. पुन्हा पासिंग करून ठेवावी की विकावी?
— वाचक, ठाणे

उत्तर: नुसतं ॲव्हरेज बघून हे ठरत नाही. किलोमीटरला एकूण किती रुपये पडतात ते काढा. १२ च्या ॲव्हरेजने, वर धरलेल्या १०५ रुपये दराने पेट्रोल ५२,५०० रुपये. विमा ८ हजार धरू. थर्ड पार्टीचा १ जून २०२२ पासूनचा दर १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणून १४९७ सीसीची गाडी इथे १६०० सीसीवाल्यापेक्षा फायद्यात. सर्व्हिस ९ हजार. टायर-बॅटरीचा वर्षाचा वाटा ४ हजार. क्लच, सस्पेन्शन, एसी यांसाठी बाजूला १२ हजार. पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराचा वर्षाचा वाटा २ हजार. बेरीज साडेसत्त्याऐंशी हजार, किलोमीटरला साधारण साडेचौदा रुपये. यात ॲव्हरेज १२ चं १३ झालं तर वर्षाला चार हजार वाचतात, एवढंच. नव्या गाडीची पहिल्या काही वर्षांतली किंमत घसरण मात्र वर्षाला लाखाच्या घरात जाते. पत्रा आणि चेसिस गंजलेली नसेल, तर ठेवा.

पुनर्नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीचं शुल्क ५ हजार रुपये आहे. २० वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरा. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. आरटीओत नेण्याआधी हेडलाइटचा फोकस, सगळे दिवे, हॉर्न, हँडब्रेक तपासा. पीयूसी आणि विमा चालू हवा, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली हवी. चेसिस नंबर गंजाखाली झाकला गेला असेल तर रॉकेलच्या फडक्याने हलक्या हाताने पुसून घ्या. तिथे ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर मारू नका. अक्षरं पुसट झाली तर नंबर खोडल्याचा संशय येतो आणि पासिंग अडकतं.