गावाच्या विकासासाठी तंत्रज्ञान आणि बाहेरच्या संस्थांची भागीदारी कशी वापरावी?

गावानं एखाद्या कंपनीला सोबत घेऊन अ‍ॅप करावं का, असं तुम्ही विचारलंय. करा. पण आधी गावातली कुठली वही कुणाच्या खिशात आहे ते शोधा.

वारणानगरला 1998 मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तिथला साखर कारखाना चालवणारा सहकारी वारणा समूह यांनी मिळून पैसे घातले, एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेनं यंत्रणा उभी केली, कोल्हापूर-सांगलीतल्या 70 गावांत संगणक केंद्रं निघाली. बाजारभाव, शेतीसल्ला, इंटरनेट असं बरंच मिळणार होतं. लोक गेले ते मुख्यतः ऊसनोंद, तोडणीचा परवाना, वजन नि बिल बघायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत हीच माहिती एसएमएसवर दिली, तर साध्या फोनवरही काम भागलं.

लोकांना नेमकं हेच का हवं होतं, ते मला विचारा. आमचा कारखाना वेगळा. आबांची आडसाली, म्हणजे पावसाळ्यात केलेली उसाची लागण, नोंद चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या वहीत. आमच्यामागून लावलेला पुढाऱ्यांच्या भावकीचा ऊस आधी तुटला. आमच्या उसाला तुरे आले, पोकळ पडला, वजन घटलं, वर तोडणी मजुरांच्या टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे द्यावे लागले. सोसायटीचं कर्ज त्या साली फिटलंच नाही. थोरले काका आबांना म्हणाले, "गप बस, संबंध बिघडतील."

आता नोंद मोबाइलवर होते, बांधावरून फिरून क्षेत्र मोजतात. काका लग्नाकार्यात सांगत असतात की अ‍ॅप आलं आणि वशिला संपला. साफ खोटं. अ‍ॅप आल्यावरही तोड वशिल्यानंच येत होती, कारण क्रमवारी फक्त शेती ऑफिसात दिसायची. वार्षिक सभेत सभासदांनी भांडून ती यादी गट ऑफिसच्या फळ्यावर लावायला लावली, तेव्हा फरक पडला.

म्हणून करारात दोन गोष्टी सोडू नका. क्रम, वजन, पैसे हे सगळ्या सभासदांना दिसलं पाहिजे, आणि खर्चात गावाचा वाटा हवा. फुकट आलेलं मशीन बिघडलं की कोपऱ्यात पडतं. दूध संस्था असेल तर फॅटच्या पावतीपासून सुरुवात करा.

टोळ्याच कमी आल्या तर यादी उघडी असूनही ऊस रानात राहतो, हे खरं आहे. त्यावर आमच्याकडेही उपाय सापडलेला नाही.

आणि काका हे वाचत असतील तर सांगते, यादी लावायचा ठराव सभेच्या इतिवृत्तात आहे. सूचक म्हणून आबांचं नाव आहे.