मुंबईत मुक्कामाच्या हॉटेलपासून पायी जाता येईल असं चांगलं स्थानिक जेवण कसं शोधायचं?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून लिहायला घेतलं: 'मुंबईत मराठी जेवण आता राहिलंय कुठे, असं सगळे म्हणतात.' हे 'सगळे' म्हणजे कोण, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांच्याकडे नंतर येतो. आधी तुमचा मूळ प्रश्न: मुक्काम फोर्टात, सीएसएमटीजवळ, शुक्रवार ते रविवार, आणि पायी जाऊन इथलं काही खायचंय, तर रिसेप्शनवर विचारावं की फोनवरच्या नकाशात शोधावं?

रिसेप्शनवर विचारू नका. तो माणूस वाईट नसतो, पण त्याला मागाहून तक्रार नको असते. म्हणून तो ए.सी. असलेलं, पंजाबी, चायनीज, तंदूर सगळं एकाच कार्डावर मिळणारं ठिकाण सांगतो. काही वेळा त्यात त्याचं थोडंफार सुटतंही. टॅक्सीवाल्याचं तेच. त्यापेक्षा वॉचमनला, खोलीतल्या चादरी बदलणाऱ्या मुलाला, शेजारच्या ऑफिसातल्या शिपायाला विचारा. मात्र 'चांगलं जेवण कुठे मिळतं?' असं विचारलंत तर समोरचा तुमचे कपडे बघून उत्तर देणार. 'तुम्ही दुपारी कुठे जेवता?' असं विचारा. डबा आणतो म्हणाला, तर 'डबा नसतो त्या दिवशी?' असं विचारा. मिळालेलं नाव मग नकाशात तपासायचं, उलट नाही.

नकाशात नुसतं 'रेस्टॉरंट' टाकलं की जाहिरातीचे पैसे भरलेली नावं आधी वर येतात. 'लंच होम', 'राइस प्लेट', 'मालवणी', 'गोमांतक', 'खाणावळ', 'उपाहारगृह' हे शब्द टाकून बघा, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत, कारण दोन्हींत यादी वेगळी येते. रेटिंगच्या आकड्याला फार भुलू नका. ज्या ठिकाणच्या अभिप्रायांत वेटरचं नाव घेऊन 'अमुक भाऊंनी छान सर्व्हिस दिली' असं ओळीने लिहिलेलं असतं, तिथे ते बहुतेक बिलाबरोबर क्यूआर कोड पुढे करून टेबलावरच लिहून घेतलेलं असतं. ते सगळं सोडून द्या. 'सर्वात नवीन' असा क्रम लावा आणि एका ताऱ्याचे अभिप्राय आधी वाचा. 'अनोळखी माणसाबरोबर टेबलावर बसवलं', 'जेवण झाल्याझाल्या उठायला सांगितलं', 'वेटर तुसडा आहे' अशा तक्रारी असतील तर निर्धास्त जा, तिथे गर्दी आहे आणि अन्न फिरतंय. 'मासा शिळा', 'भाताला वास' हे गेल्या दोन-तीन महिन्यांत दोनदा दिसलं तर पुढचं नाव बघा. मेन्यूकार्डाचा फोटो कधीचा आहे तेही बघा, नाहीतर जुने दर डोक्यात धरून जाल आणि वेटरशी वाद घालाल.

पायी अंतराचं म्हणाल तर फोर्टात १ किलोमीटरला १५ मिनिटं धरा. पदपथावर फेरीवाले असतात आणि सीएसएमटीसमोर भुयारी मार्गात उतरून पुन्हा चढावं लागतं. भुयारात दिशेचा घोळ होतो, पाटी वाचूनच वर या. दादरला तर नकाशावरचं अंतर साफ फसवं: लॉज पूर्वेला आणि खाणावळ पश्चिमेला असेल, तर मधे रूळ आहेत आणि टिळक पूल किंवा स्टेशनवरचा पूल ओलांडावाच लागतो.

आता 'सगळे' म्हणजे कोण ते सांगतो. माझा पुण्याचा आतेभाऊ. 'मुंबईत मराठी जेवण मिळत नाही' हे वाक्य तो घरच्या प्रत्येक लग्नात पंगतीला बसून ऐकवतो, आणि त्याचा सगळा पुरावा म्हणजे फोर्टातला एक रविवार. साहेब दुपारी ३ वाजता जेवायला निघाले, तेही बलार्ड इस्टेटच्या दिशेने! फोर्टातली बरीचशी जेवणघरं ऑफिसवाल्यांवर चालतात. सोमवार ते शुक्रवार १ ते २ या वेळेत दारात रांग असते, आणि रविवारी त्याच रस्त्यावर शटर खाली आणि मांजरं मोकळी. शिवाय जी उघडी असतात त्यांची स्वयंपाकघरंही साधारण साडेतीनला बंद होतात आणि सातच्या पुढे परत सुरू होतात. मग तो रिसेप्शनने सांगितलेल्या ठिकाणी गेला, वरच्या ए.सी. मजल्यावर बसला (इथे अनेक हॉटेलांत खाली साधा भाग आणि वर ए.सी. असतो, आणि पदार्थ तोच असून वरचा दर जास्त असतो), आणि कार्डावर ज्याच्यापुढे किंमत न लिहिता 'साइजप्रमाणे' लिहिलं होतं ते पापलेट न विचारता मागवलं. बिल आल्यावर तोंड कडू झालं, आणि खापर फुटलं मराठी जेवणावर. त्या हॉटेलात कालवणाला टोमॅटो-कांद्याची पंजाबी ग्रेव्ही होती, हे तो स्वतःच सांगतो. म्हणजे मालवणी जेवण त्याच्या ताटात आलंच नव्हतं.

त्याने काय करायला हवं होतं? साडेबारालाच निघायचं. सीएसएमटीजवळ बझारगेट, मोदी स्ट्रीट, बोरा बझार या गल्ल्यांत शिरायचं. दारात फळ्यावर खडूने किंवा मार्करने आजचे मासे लिहिलेले आहेत का ते बघायचं. छापील फ्लेक्सवर बारा महिने तेच बारा मासे असतील तर पुढे चालायचं. आत बसल्यावर 'आज काय आलंय?' असं विचारायचं. 'सगळं आहे' हे वाईट उत्तर. चांगला वेटर दोन-तीन नावं सांगतो आणि एखादं 'आज नको' म्हणून टाळतो. 'साइजप्रमाणे' असलेला मासा आधी ट्रेमध्ये दाखवायला सांगा आणि त्याच माशाचा भाव तिथेच ठरवा, हे विचारायला इथे कुणी लाजत नाही. एकट्याने असाल तर थाळीच बरी: एक तुकडी तळलेली, कालवण, भात, चपाती किंवा तांदळाची भाकरी, सोलकढी.

जागा चांगली आहे की नाही हे ओळखायला पहिल्यांदा बोंबील मागवा. ओला बोंबील बहुतांश पाणीच असतो. तो चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय नीट तळला जात नाही. घाई केलेली असली की आत लिबलिबीत राहतो आणि ते लपवायला वरून रव्याचा जाड थर देतात. नीट दाबलेला बोंबील चपटा दिसतो, कडेला कुरकुरीत लागतो, आत लोण्यासारखा सुटतो, आणि शिळा असेल तर पहिल्या घासालाच कळतं. दुसरी खूण सोलकढी. आमसुलाचा रंग मंद जांभळट गुलाबी असतो. सरबतासारखी भडक गुलाबी दिसली तर त्यात रंग असू शकतो. थोडा वेळ ठेवल्यावर नारळाचं दूध वर आणि पाणी खाली झालं तर घाबरू नका, ढवळा आणि प्या.

फोर्टात नाव घेण्यासारखी माशांची मोठी हॉटेलं, महेश लंच होम, अपूर्वा, काळा घोड्याचं त्रिष्णा, ही मंगळुरी वळणाची आहेत. गस्सी (नारळाच्या वाटणाचं कालवण), नीर डोसा (तांदळाचा पातळ डोसा), उत्तम आणि महाग. जा जरूर, पण तिथे जेवून मालवणी जेवणावर मत देऊ नका. सकाळी पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी, सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव. वडापावला मात्र रेटिंग वगैरे बघू नका. कढईतून नवीन घाणा निघतोय का तेवढं बघा, नसेल तर पाच मिनिटं थांबा.

आणि हट्टाने पायीच जायचं ठरवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावतेय. सीएसएमटीहून काळबादेवी, मग गिरगाव, दोनच स्टेशनं. तिथे ठाकूरद्वारच्या बाजूला विनय हेल्थ होमची मिसळ आहे. याच गाडीने दादरला उतरलात की सेनाभवनाच्या आसपास आस्वाद, प्रकाश, सिंधुदुर्ग सगळं खरोखर पायी अंतरावर आहे. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष चुकवू नका. दादर रेल्वे स्टेशनसमोरचं मामा काणे १९१० पासूनचं आहे. मराठी जेवण उरलं नाही म्हणणाऱ्या माणसाला मी एवढंच विचारतो की तू दादरला उतरला होतास का? आतेभाऊ उतरला नव्हता.

म्हणून तुमचा रविवार दादरसाठी ठेवा, फोर्ट शुक्रवारी दुपारी उरका. रविवारी आस्वादबाहेर नाव लिहून थांबावं लागतं, एकाने तिथे थांबायचं, बाकीच्यांनी शिवाजी पार्काला चक्कर मारून यायचं.

काही गोष्टी राहिल्या. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात ताटातली सुरमई-पापलेट बहुतेक बर्फातली किंवा बाहेरून आलेली, तेव्हा खाडीचं काही किंवा सुकं, म्हणजे सुकट-जवळा मागवा, नाहीतर सरळ कोंबडी-वडे. श्रावणात, आणि एरवी सोमवारी-गुरुवारीही, मासे खाणारं गिऱ्हाईक कमी असतं. काही जण त्याच दिवशी सुट्टी घेतात, म्हणून आधी फोन करा. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर वर सांगितलेल्यातलं निम्मं तुमच्यासाठी नाही: साबुदाणा वड्यात दाणे असतातच, पण भाजी-उसळीतही कूट असू शकतं आणि ते कार्डावर लिहिलेलं नसतं, म्हणून ऑर्डर देतानाच विचारा.