सही केली नाही, म्हणून नोकरी सोडायची?

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एफआरपी (काचतंतू आणि घट्ट होणाऱ्या रेझिनच्या) टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात क्यूसी (गुणवत्ता तपासणी) ट्रेनी म्हणून लागला. सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीला ड्रॉइंगप्रमाणे आतून सिंथेटिक टिश्यू (कृत्रिम धाग्याचा पातळ पडदा) लावायचा होता. स्टोअरमध्ये नव्हता, म्हणून फोरमनने सी-ग्लासचा (काचेच्या धाग्याचा) लावला आणि भरपाई म्हणून मॅटचा (काचतंतूंच्या चटईचा) एक थर वाढवला. मुलाने तपासणी अहवालावर सही केली नाही. साहेब सगळ्यांसमोर बोलले. आता तो नोकरी सोडायची म्हणतो. – एक आई, बदलापूर

उत्तर : ताई, सही केली नाही हे योग्यच झालं. नोकरी मात्र इतक्यात सोडू देऊ नका.

आधी त्याचं बरोबर कुठे होतं ते सांगतो, कारण घरी त्याची बाजू कुणाला तरी कळायला हवी. टाकीची ताकद बाहेरच्या थरांत असते; रसायनाला अडवतो तो आतला, रेझिनने भरलेला पातळ थर. सी-ग्लास आम्लांना चांगला टिकतो. हायपो अल्कधर्मी, तो काचेचा धागाच खातो, म्हणून तिथे सिंथेटिक टिश्यू मागतात. बाहेरून मॅटचे चार थर चढवले तरी आतलं दुखणं तिथेच राहतं. आणि तयार टाकी बघून यातलं काही कळत नाही. हायड्रोटेस्टही (पाणी भरून घेतलेली चाचणी) पास होते!

चुकलं ते एवढंच, की नुसता नकार देऊन तो गप्प बसला. अशा वेळी एनसीआर (काम ठरल्याप्रमाणे झालं नाही, असा अहवाल) लिहायचा असतो : टाकीचा नंबर, ड्रॉइंगचा नंबर, काय मागितलं होतं, काय लागलं, कुठल्या थरात. फोरमनचं नाव नको, टोमणा नको. मग ती टाकी चालवून घ्यायची की नाही, हे ग्राहकाचा इंजिनिअर ठरवेल. ते ओझं ट्रेनीच्या डोक्यावर नाही. साहेबांनाही हा मार्ग सोपा जातो, त्यांना माघार घ्यावी लागत नाही.

वर्ष-दीड वर्ष तिथेच काढून त्याने बारकोल टेस्टर (कडकपणा मोजायचं उपकरण) हातात घ्यावा. रेझिन कंपनीने दिलेल्या कडकपणाच्या किमान ९० टक्के रीडिंग येतं का, अॅसिटोनने पुसल्यावर पृष्ठभाग चिकट लागतो का, हे रोज बघावं. एएसटीएम डी २५६३ या मानकात बुडबुडे, कोरडे धागे, भेगा कुठवर चालतात ते दिलंय. ते वाचून शॉपवर ताडून पाहावं. एएसएमई आरटीपी-१ हे अशा टाक्यांचं मानक नंतर वाचलं तरी चालेल. शिवाय लॅमिनेशनवाल्या (थर चढवणाऱ्या) कामगारांशी गट्टी करावी. रोलर कसा फिरवला की हवा निघते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. (रेझिनमधल्या स्टायरिनच्या वासात मास्क लावतो का, तेही विचारा.)

एवढं हाताखालून गेलं की थर्ड पार्टी इन्स्पेक्शन (बाहेरची तपासणी संस्था) किंवा केमिकल कंपनीच्या खरेदी विभागाकडे अर्ज करता येतो. पुढे शिकायचं असेल तर डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेश आहेच.

मात्र खोट्या अहवालावर सही करण्यासाठी पुन्हा दबाव आला, तर दुसरी नोकरी शोधायला लगेच लागावं. आणि स्वतःच्या नोंदींची वही तारखेसकट आजपासून ठेवावी.