वाळवंटातल्या आकाशदर्शनाच्या आधी

प्रिय मित्रा,

वाळवंटात सर्वांसाठी आकाशदर्शनाची रात्र ठरवतोयस हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या पत्रात दुर्बिणींची यादी तपशीलवार आहे, पण गाड्या कुठे लावायच्या याबद्दल एक ओळही नाही. मी तिथूनच सुरुवात करतो. इतक्या लांब लोक येणार ते अंधारासाठी, आणि तो एका हेडलाइटने नासतो.

बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण दृष्टिपटलातलं ऱ्होडोप्सिन, म्हणजे मंद उजेडात दिसायला लागणारं रसायन, पुन्हा साठायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच पांढरा उजेड डोळ्यांवर आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून गाड्या लांब, शक्य असेल तर एखाद्या टेकाडाआड, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावून घे. लवकर निघणाऱ्यांची रांग वेगळी ठेव. दार उघडलं की लागणारा आतला दिवा आधीच बंद करायला सांग. टॉर्च लाल हवा, आणि लाल असला तरी मंद. मोबाइलबद्दल ओरडू नकोस. ऱ्होडोप्सिनची गोष्ट सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांग. कारण पटलं की माणसं नियम मनापासून पाळतात, असा माझा अनुभव आहे.

ती पहिली 20-30 मिनिटं दुर्बिणीला कुणाला हात लावू देऊ नकोस. सगळ्यांना सतरंजीवर आडवं कर आणि नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखव. सप्तर्षी वर असतील तर वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधायला लाव. दर पाच मिनिटांनी विचार, आता किती तारे वाढले? आपलेच डोळे बदलताहेत हे लोकांना स्वतः जाणवू दे.

तारखेचं म्हणशील तर थेट अमावास्येची रात्र उत्तमच. तरी नवख्या लोकांसाठी मला तिच्यानंतरची तिसरी रात्र जास्त आवडते. चंद्रकोर सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते. तोवर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं दाखवून होतात आणि उरलेली रात्र पूर्ण काळोखाची मिळते. मात्र तेव्हा डोळे स्थिरावण्याची ती 20-30 मिनिटं कोर मावळल्यानंतर ठेव.

दुर्बिणी सूर्यास्ताच्या सुमारासच बाहेर काढून ठेव. दिवसभर तापलेला आरसा निवेपर्यंत नळीत हवेचे प्रवाह उठतात आणि ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा थरथरतो. तापलेली वाळूही रात्रीच्या पहिल्या प्रहरात हेच करते, त्यामुळे क्षितिजाजवळच्या ग्रहाची घाई नको. आरशावर धूळ बसली तर हवेच्या फुग्याने उडव. फडक्याने पुसलीस तर ओरखडे पडतील. गर्दीसाठी डॉब्सोनियन दुर्बीणच घे. जॉन डॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फूटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना दुर्बिणीतून आकाश दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या लाकडी बैठकीवरच्या दुर्बिणीला ना मोटर लागते ना वीज, हाताने ढकलली की झालं.

आता नेत्रिकेपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, काय करायचं ते नीट वाच, सगळी रात्र त्या एका मिनिटावर उभी आहे. माणूस वाकतो, आधारासाठी नळीच धरतो आणि तारा निघून जातो. शेजारी घट्ट स्टूल ठेव, हात त्यावर. मुलांसाठी पायरी हवीच. चष्मा काढून बघणाऱ्याला फोकसचं चाक स्वतः फिरवू दे. डोळा लावण्याआधी काय दिसेल ते खरं सांग. लोकांनी देवयानी दीर्घिकेचे रंगीत फोटो पाहिलेले असतात. इथे राखाडी, पुसट डाग दिसणार, कारण मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. त्या पेशी नजरेच्या अगदी मधोमध नसतात, म्हणून डागाच्या किंचित बाजूला बघायला सांग. मग तो उजेड सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय हे सांग. आधी सांगितलंस तर लोक आकड्यातच अडकतात.

बरेच जण काहीच दिसलेलं नसताना संकोचाने ‘हो, दिसलं’ म्हणून बाजूला होतात. मागे रांग असते, त्यांना ओशाळं वाटतं. त्यांना असं जाऊ देऊ नकोस. हळूच विचार, डाग गोल वाटतो की लांबट? शनी असेल तर, कडी किती उघडलेली दिसतात? मार्च 2025 मध्ये पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली तेव्हा कडी जवळजवळ दिसेनाशी झाली होती, आता वर्षागणिक उघडत जातील. उत्तर चाचरत आलं तर पुन्हा डोळा लावायला सांग. रांग लांबली तरी चालेल, वस्तू कमी दाखव. रात्रभरात चार पुरेत.

बाकीचं थोडक्यात. कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली उष्णता भराभर निघून जाते, म्हणून गरम कपडे, बंद बूट आणि पाणी यांची सूचना निमंत्रणातच दे. विंचू अतिनील उजेडात हिरवट चमकतात. तसा एक टॉर्च घेऊन सतरंज्या अंथरण्याआधी जागा बघून घे. हिरवा लेझर एकाच माणसाच्या हातात राहू दे, आणि विमान दिसलं की बंद. प्रथमोपचाराची पेटी आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते उजेड असतानाच सगळ्यांना दाखव. वावटळीचा किंवा ढगांचा अंदाज असेल तर रद्द करायचं की नाही हे दुपारीच ठरव, लोक निघायच्या आत कळव.

जागेचा कच्चा नकाशा आणि कोण कुठल्या दुर्बिणीवर उभं राहणार ती यादी मला पाठव. तारीख जाहीर करण्याआधी आपण दोघं मिळून एकदा बघू.

तुझा,
दादा