शीघ्रपतनात मनाचा वाटा किती आणि त्यावर काय करावे?

लग्नाला वर्ष होत आले, समागमात मिनिट-दोन मिनिटांतच स्खलन होते, म्हणून आता पत्नीजवळ जाणेच टाळतो. हे मानसिक असेल का, असे आपण विचारले आहे. मी लैंगिक समस्यांसंबंधी समुपदेशन करतो. आपल्या प्रश्नात मला मिनिटांपेक्षा या टाळण्याचीच अधिक काळजी वाटते.

मिनिटांविषयी थोडक्यात सांगतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतील जोडप्यांनी घड्याळ लावून नोंदी केल्या, तेव्हा समागमाचा मध्यक कालावधी ५.४ मिनिटे निघाला, म्हणजे निम्म्या जोडप्यांना याहून कमी वेळ लागला आणि निम्म्यांना अधिक. अश्लील चित्रफितींत दिसणारा अर्धा तास हा निकष नव्हे. पहिल्यापासून साधारण मिनिटभरातच, किंवा पूर्वी ठीक असून पुढे तीन मिनिटांच्या आत स्खलन होत असेल, त्यावर ताबा वाटत नसेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तरच डॉक्टर त्याला शीघ्रपतन म्हणतात. पहिल्या प्रकारात शरीराच्या जडणघडणीचाही वाटा असतो, त्यामुळे सगळा दोष मनाच्या दुबळेपणावर टाकू नये.

मनाचे काम मात्र असे चालते. भीती वाटली की छाती धडधडवणारी जी चेतासंस्था जागी होते, तिचाच स्खलन घडवून आणण्यात मोठा हात असतो. ‘आज तरी जमेल का’ या धास्तीने माणूस पत्नीच्या स्पर्शाकडे लक्ष न देता स्वतःवरच पहारा ठेवतो, त्यामुळे उत्तेजना कुठवर आली हे त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा वेळ गेलेली असते. मग शरमेने तो आठवडेच्या आठवडे दूर राहतो आणि पुन्हा जवळ येतो तेव्हा उत्सुकता व भीती दोन्ही वाढलेल्या असतात. त्यात लहान घर, पलीकडच्या खोलीत जागे असलेले आईवडील आणि नीट न लागणारी कडी असेल, तर घाईची सवयच जडते. लहानपणीच्या हस्तमैथुनाचा हा परिणाम असल्याचे भिंतींवरच्या जाहिराती सांगतात, ते धादांत खोटे आहे. त्या अपराधी भावनेने चिंता मात्र वाढते.

उपायाची सुरुवात पत्नीशी बोलण्यापासून करावी, आणि तेही अंथरुणावर नव्हे, तर दिवसा, निवांतपणी. काही आठवडे समागम करायचाच नाही असे दोघांनी ठरवून केवळ स्पर्शाचा आनंद घ्यावा. परीक्षाच रद्द झाल्यावर धास्तीला जागा उरत नाही. त्याबरोबर मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी १९५६ साली मांडलेली थांबण्याची पद्धत शिकावी: उत्तेजना टोकाला पोचण्याआधीच हालचाल थांबवावी, श्वास संथ करावा, ओटीपोट व मांड्या सैल सोडाव्यात, आवेग ओसरला की पुन्हा सुरू करावे. असे दोन-तीनदा थांबून मग स्खलन होऊ द्यावे. हा सराव आधी एकट्याने, नंतर पत्नीच्या हाताने आणि शेवटी समागमात, पत्नी वर असताना, करावा. मध्ये एखाद्या दिवशी लवकर स्खलन झाले तरी लगेच पाठ फिरवू नये, जवळ राहावे. पत्नीला बहुधा दुःख होते ते त्या अबोल्याचे.

ताठरता टिकत नसेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडून प्रोस्टेट व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. डॅपॉक्सेटिनसारखी औषधे उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. समुपदेशनाची जोड असेल तर गुण अधिक येतो. पत्नी तयार असेल तर पहिल्याच भेटीला दोघांनी मिळून जावे.