कमी पावसाच्या भागात, बदलत्या हवामानात टिकणारी शेती आणि अन्नव्यवस्था कशी उभी करावी? सुरुवात बियाण्यापासून करावी का?

बियाण्यापासून नको. मी स्वतः कोरडवाहू शेती करतो आणि दुष्काळ सोसणारं वाण शोधण्यात बरीच वर्षं घालवली. मातीकडे नंतर वळलो. आधी वळायला हवं होतं.

एक साधा हिशेब करा. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. वर्षाला 400 मिलिमीटर पडत असेल तर ते 40 लाख लिटर झालं. कागदावर यात बाजरीसारखं पीक आरामात निघावं. पण त्यातलं बरंचसं पाणी एक तर वाहून जातं नाहीतर उघड्या मातीवरूनच उडून जातं, मुळांपर्यंत पोहोचतच नाही. त्यात हवा तापतेय. तापमान एक अंशाने वाढलं की हवेत साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो, आणि मग पीक फुलोऱ्यात असताना नेमकी लांब उघडीप पडते. वर्षाची सरासरी तीच राहते आणि पीक मात्र जातं.

माती पाणी पिते की नाही हे घरी बघता येतं. दोन काचेचे पेले पाण्याने भरा. एकात बांधावरच्या गवताखालचं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, दुसऱ्यात दरवर्षी नांगरट होणाऱ्या रानातलं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रानातल्या ढेकळाने भसाभस बुडबुडे सोडले आणि बघता बघता त्याचा गाळ झाला. बांधावरचं तसंच बसून राहिलं, पाणीही नितळ. दोन्ही जागांत अंतर दहा पावलांचं, मूळ माती एकच. फरक होता तो मुळांचा, बुरशीच्या तंतूंचा आणि कुजलेल्या काडीकचऱ्याचा. मातीचे कण तेच बांधून ठेवतात. ते नसलं की पहिल्या जोरदार सरीत कण सुटतात, वरची छिद्रं बुजतात, वाळल्यावर कडक पापुद्रा धरतो. पुढचा पाऊस त्यावरून घसरत ओढ्याला जातो.

म्हणून माझा क्रम असा: उताराला आडवी पेरणी, ठरावीक ओळींनंतर मृत सरी (पाणी मुरायला मोकळी सोडलेली सरी), काढणीनंतर धसकटं जाळायची नाहीत, नांगरट शक्य तितकी कमी. आणि उघडीप पडली की कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणारं औत. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ म्हणतात ते उगाच नाही. वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि खालची ओल वर येऊन उडायची थांबते. वर तण जातं ते वेगळंच.

याहून वाईट जमिनी सुधारल्या गेल्यात. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधले शेतकरी याकूबा सावादोगो (2023 मध्ये वारले) यांनी 1980 च्या दशकात तिकडची जुनी खड्डापद्धत सुधारली. ऐन उन्हाळ्यात, दगडासारख्या झालेल्या रानात नेहमीपेक्षा मोठे खड्डे घेऊन त्यांत शेणखत भरायचं. खताला वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि त्या बिळांतून पावसाचं पाणी खाली उतरतं. वाळवीकडून मशागत! शेजारच्या नायजरमध्ये ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी रोपं लावायचा नाद सोडून तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटणारे धुमारे राखायला शेतकऱ्यांना तयार केलं. या मार्गाने तिथे सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत उभी राहिली. फक्त एक लक्षात घ्या, खड्ड्यांचं काम कंबर मोडणारं आहे, हेक्टरी हजारो खड्डे होतात.

आता बियाणं. लवकर येणारं वाण दुष्काळातून निसटतं, पण पाऊस लांबला तर त्याचा फायदा त्याला घेता येत नाही. म्हणून सगळं रान एकाच वाणाखाली मी ठेवत नाही. ज्वारीत तूर घेतो. तूर सुरुवातीला दबून वाढते, मुळं खोल सोडते आणि ज्वारी निघाल्यावर पसरते. दोघींची पाण्याची नड वेगवेगळ्या वेळी येते, त्यामुळे एकाच उघडिपीत दोन्ही जात नाहीत. आणि घाई नको. एकदा पहिल्याच सरीवर पेरून मी दुबार पेरणी ओढवून घेतली आहे. आता वीतभर खोल ओल हाताने बघितल्याशिवाय पाभर (पेरणीचं औत) बाहेर काढत नाही.

ठिबकबद्दल थोडं कडू बोलतो. ठिबकने पाणी वाचतं खरं, पण वाचलेल्या पाण्यावर लगेच क्षेत्र वाढवलं जातं आणि विहीर आधीइतकीच उपसली जाते.

अन्नव्यवस्था म्हणाल तर ती कोठीपासून सुरू होते. चांगल्या वर्षाचं धान्य वाईट वर्षापर्यंत टिकलं पाहिजे. नीट वाळवलेलं धान्य हवाबंद पिशवीत ठेवलं की आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि मरतात, औषध लागत नाही. बाजरीची अडचण निराळी. तिचं पीठ काही दिवसांतच कडू होतं, कारण दळल्यावर तिच्यातलं तेल आणि ते तेल फोडणारं विकर (एन्झाइम) एकत्र येतात. दाणा आधी उकळत्या पाण्यातून काढून वाळवला तर हे विकर मंदावतं आणि पीठ जास्त टिकतं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, पण पीठ टिकत नाही तोवर दुकानदार ते ठेवायला नाखूशच राहणार.

तुमची जमीन कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. भारी काळी असेल तर रुंद वरंबा-सरीवर पेरा, जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि वरंब्यात ओल टिकते. हलकी, मुरमाड असेल तर शेततळ्याआधी शेणखत आणि बांधांवर खर्च करा. अस्तर नसलेलं तळं अशा जमिनीत किती दिवस भरलेलं राहतं ते मी पाहून बसलोय.